हाक, पाळत आणि एक ठिपका

आपल्या फोनवरचे बहुतेक ठिपके मुके असतात. डोशाची ऑर्डर घेऊन निघालेला मुलगा कुठल्या सिग्नलला अडकलाय हे दिसतं, कॅब गल्ली चुकून पुढे गेली तेही दिसतं. पण ‘मी इथे आहे’ असं त्या मुलानं किंवा त्या ड्रायव्हरनं म्हटलेलं नसतं. त्याच्या खिशातला फोन त्याच्या वतीनं ते सांगत राहतो आणि आपण जिना उतरायची वेळ ठरवतो.

मला ज्या नकाशाबद्दल लिहायचंय, त्यातला ठिपका स्वतः बोलतो आणि नाव सांगून बोलतो. एपीआरएस ही हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, आपला ठावठिकाणा रेडिओवरून जाहीर करायची पद्धत आहे. गाडीत, पाठपिशवीत, होडीत किंवा फुग्याला लटकवलेल्या डबीत एक छोटा ट्रान्समीटर असतो, त्याला जीपीएस जोडलेलं असतं आणि तो अधूनमधून ‘मी अमुक, आत्ता इथे’ असं हवेत सोडून देतो. जगभरातली ही वाक्यं एकत्र बघायची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे हेइक्की हान्निकाइनेन या फिनलंडमधल्या हॅमनं उभी केलेली एपीआरएस डॉट एफआय ही साइट. ती बघायला परवाना लागत नाही, लॉगिनही लागत नाही.

माझ्याकडे हॅमचा परवाना नाही. मी या नकाशाची नुसती वाचक आहे आणि वाचक म्हणूनच त्याची समीक्षा करते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : ठिपक्यांची ही भाषा हाक मारण्यासाठी घडवली गेली. जगाच्या नकाशावर चढल्यावर तिच्यातली हाक ऐकू येईनाशी झाली आणि माग तेवढा उरला. यात भाषेचा दोष थोडा आहे, साइटचा थोडा आहे, आणि आपल्या वाचण्याच्या सवयीचा सर्वांत जास्त.

४३ अक्षरांचं पत्र

आधी हे वाक्य कसं बनतं ते पाहू. सुरुवातीला कॉलसाइन, म्हणजे सरकारनं परवान्याबरोबर दिलेलं नाव. भारतातली बहुतेक कॉलसाइनं ‘व्हीयू’नं सुरू होतात. त्यापुढे एक आकडा जोडायचा संकेत आहे : ९ म्हणजे गाडी, ७ म्हणजे हातातला वॉकीटॉकी, ८ म्हणजे बोट, ११ म्हणजे फुगा, १३ म्हणजे हवामान केंद्र. मग अक्षांश-रेखांश. मग एक चिन्ह. चिन्हांचे दोन तक्ते आहेत आणि त्यांत घर, तंबू, रुग्णवाहिका, शिडाची होडी, सायकल, घोडा असं बरंच काही आहे. आणि शेवटी माणसाला स्वतःच्या शब्दांत काही म्हणायचं असेल तर साध्या स्थान-संदेशात त्यासाठी जास्तीत जास्त ४३ अक्षरं.

हे सगळं एका सामाईक फ्रिक्वेन्सीवर जातं. उत्तर अमेरिकेत ती १४४.३९० मेगाहर्ट्झ आहे, युरोपात १४४.८००. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे तुमचा एखादा व्हॉट्सॲप स्टिकरसुद्धा या वाटेनं यायला मिनिटं घेईल. टेकडीवरचा रिपीटर (याला डिजिपीटर म्हणतात) ऐकलेलं वाक्य पुन्हा उच्चारतो, मग ते त्याच्या पलीकडच्या खोऱ्यात पोचतं. किती जणांनी पुढे न्यायचं ते वाक्यातच लिहिलेलं असतं आणि नेणारा आपलं नाव त्यात घालून एकेक आकडा कमी करत जातो. आपल्याकडे जुन्या पत्रांवर ‘हस्ते अमुक’ असं लिहीत, त्यातलाच हा प्रकार. वाक्य कोणाकोणाच्या हातून आलं हे त्याच्या अंगावरच वाचता येतं.

मराठीत ‘पोच’ हा फार सोयीचा शब्द आहे. पत्राची पोच, पैशांची पोच. एपीआरएसचं स्थान सांगणारं वाक्य पोच मागत नाही. ते कोणा एकाला उद्देशून नसतंच. ज्याला ऐकू येईल त्यानं ऐकावं. कोणीच ऐकलं नाही तर पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. (एका माणसानं दुसऱ्याला पाठवायचा निरोपही यात असतो, ६७ अक्षरांपर्यंतचा. त्याची मात्र पोच येते.)

एकच फ्रिक्वेन्सी सगळ्यांची, त्यामुळे कमी बोलणं हा इथला शिष्टाचार. जागच्या जागी असलेल्या घरानं अर्ध्या तासानं एकदा बोललं तरी पुरे. गाडीसाठी ‘स्मार्टबीकनिंग’ नावाची युक्ती आहे : सरळ रस्त्यावर क्वचित बोलायचं, वळण घेतलं की लगेच बोलायचं. मला ही युक्ती वाचक म्हणून फार आवडते. कारण मग नकाशावर प्रवासाची नुसती लांबी उमटत नाही, त्यातली वळणं उमटतात. आपण घरी येऊन प्रवास सांगतो तेव्हा असाच सांगतो, तिथून डावीकडे वळलो, मग पूल लागला.

ज्यानं भाषा घडवली त्याची तक्रार

या भाषेचा कर्ता बॉब ब्रुनिंगा. कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर. अमेरिकेतल्या ॲनापोलिस इथल्या नौदल अकादमीत तो काम करत असे. १९८२च्या सुमारास त्यानं ॲपल-टू संगणकावर नौदलाच्या जहाजांचे ठावठिकाणे नकाशावर मांडायचा प्रोग्राम लिहिला. १९८४मध्ये व्हिक-२० या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या घरगुती संगणकावर त्याची पुढची आवृत्ती घोड्यांच्या १०० मैलांच्या शर्यतीसाठी वापरली गेली. जंगलातून जाणारा कोणता घोडा कुठल्या चौकीपर्यंत आला आणि त्याची स्थिती कशी आहे, हे सगळ्या चौक्यांना एकाच वेळी कळावं हा उद्देश. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला जीपीएस जोडलं गेलं आणि एपीआरएस हे नाव रूढ झालं.

त्या नावातल्या ‘पी’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ ‘पोझिशन’, म्हणजे स्थान असा होता. पुढे तो ‘पॅकेट’ असा केला गेला. नुसत्या शब्दाची ही अदलाबदल वाटेल, पण ब्रुनिंगाची आयुष्यभराची तक्रार तिच्यात आहे. तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला की ही गाड्यांचा माग काढायची यंत्रणा नाही. आपल्या परिसरात आत्ता काय चाललंय हे सगळ्यांना एकाच वेळी कळावं आणि त्यावर बोलता यावं, यासाठी ती आहे. तिच्यात हवामान असावं, निरोप असावेत, जवळचा रिपीटर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते असावं. त्याचा एक आग्रह तर मला या सगळ्याचं मर्म वाटतो : आपल्या ठिपक्याबरोबर, आपण आवाजी बोलण्यासाठी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलोय, तेही लिहा. म्हणजे ज्याला तुम्ही दिसाल त्याला लगेच तुम्हाला हाक मारता येईल.

२०२२ साली ब्रुनिंगा गेला. त्याची ही तक्रार मला समीक्षेचा निकष म्हणून घ्यावीशी वाटते. ठिपका दिसला, त्याला उत्तर देता येतं का? येत असेल तर ती हाक. येत नसेल तर ती पाळत, मग दोघांचा हेतू कितीही चांगला असो.

अर्थात, कर्त्याबद्दल आदर आहे म्हणून भाषेला सूट द्यायचं कारण नाही. एपीआरएसचं व्याकरण वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढलं आहे आणि ते दिसतं. स्थान लिहायच्या एकापेक्षा जास्त पद्धती आहेत. त्यांतली ‘माइक-ई’ नावाची पद्धत जागा वाचवण्यासाठी अक्षांश चक्क पत्ता लिहायच्या रकान्यात कोंबते. हे हुशारीचं आहे, पण असं पॅकेट उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. सगळ्यांनी ऐकावं म्हणून बोललेलं वाक्य समजून घ्यायला दुभाषा लागावा, हा या भाषेतला खराखुरा अंतर्विरोध आहे. आणि दुभाष्याचं काम साइटकडे गेलं की वाक्याचा अर्थ साइट ठरवू लागते.

रेघ कोणी काढली?

साइटवर एखाद्या गाडीच्या चिन्हावर टिचकी मारली की तिचा माग उमटतो, ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. पहिल्यांदा पाहताना मलाही ही रेघ म्हणजे गाडीचा रस्ता वाटला होता. नीट पाहिलं की काही ठिकाणी ती डोंगर भेदून जाते, नदी पुलाशिवाय ओलांडते. कारण उघड आहे. गाडी खोऱ्यात गेली, तिथून तिचा आवाज कुठल्याच टेकडीपर्यंत पोचला नाही, बाहेर आल्यावर पुन्हा पोचला. मधल्या वेळात तिनं काय सांगितलं ते कोणालाच ऐकू आलं नाही. साइटनं दोन टोकं जोडून टाकली.

ठिपके हे बोलणाऱ्याचे शब्द आहेत, रेघ ही साइटची पदरची भर आहे. दोन्ही एकाच रंगात, एकाच खात्रीनं समोर येतात. न्यायानं हेही सांगायला हवं की याच साइटवर मूळ पॅकेटं जशीच्या तशी पाहायची सोय आहे, आणि कोणतं वाक्य कोणाच्या हस्ते आलं तेही दिसतं. आपल्या रोजच्या नकाशा-ॲपपैकी एकही इतका प्रामाणिक नाही. पण फोनच्या छोट्या पडद्यावर मूळ पॅकेटापर्यंत जातो कोण? आपण रेघ बघतो आणि मिटवतो.

रिकाम्या जागांचंही तसंच. युरोप आणि अमेरिका या नकाशावर गजबजलेल्या दिसतात, भारत पुष्कळ विरळ. त्यावरून इथे हॅम नाहीत असा अर्थ काढला तर चुकेल. नकाशावर येण्यासाठी बोलणारा लागतो, तसाच ऐकून ते इंटरनेटवर चढवणाराही लागतो. त्याला आयगेट म्हणतात. तो बहुधा कोणाच्या तरी घरात, त्याच्याच विजेवर आणि त्याच्याच इंटरनेटवर चालत असतो. म्हणजे हा नकाशा जितका बोलणाऱ्यांचा आहे तितकाच ऐकणाऱ्यांचा आहे. जिथे कान नाहीत तिथे तो कोरा आहे.

कोरेपणाचा अर्थ लावणं किती अवघड असतं याचं एक उदाहरण २०२३च्या फेब्रुवारीत सगळ्या जगानं पाहिलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फुगेवाल्या हौशी मंडळींचा एक छोटा फुगा पृथ्वीभोवती फेऱ्या मारत होता. पार्टीत असतात तसा चंदेरी फुगा, त्याखाली सौरऊर्जेवर चालणारा काही ग्रॅमचा ट्रान्समीटर, हौशी रेडिओच्या लहरींवर अगदी क्षीण आवाजात आपला पत्ता सांगणारा. १० फेब्रुवारीच्या सुमारास अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळून त्याचा शेवटचा ठावठिकाणा आला. ११ तारखेला कॅनडाच्या युकॉन भागावर एका लढाऊ विमानानं एक अनोळखी वस्तू क्षेपणास्त्रानं पाडली. वाऱ्याच्या अंदाजानुसार फुगा त्या दिवशी त्याच भागात असायला हवा होता. मग बातम्या झाल्या, तर्क झाले. सरकारनं कधीच दुजोरा दिला नाही, अवशेष सापडले नाहीत. त्या मंडळींनी फुगा ‘बेपत्ता’ एवढंच म्हटलं.

मला त्यांचा हा संयम शिकण्यासारखा वाटतो. ज्या माणसांना या ठिपक्यांची भाषा येते त्यांना ठाऊक असतं की असा फुगा रात्री गप्प असतो, ढगाखाली आला तर गप्प होतो, बर्फानं जड होऊन खाली आला तर कायमचा गप्प होतो. ठिपका थांबला याचा अर्थ एवढाच की पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. बाकी जग मात्र शेवटच्या ठिपक्यापासून क्षेपणास्त्रापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढून मोकळं झालं. ती रेघ बरोबर असेलही. पण ती फुग्यानं सांगितलेली नाही.

वाचक बदलला की वाक्य बदलतं

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येते.

हौशी रेडिओचा एक मूळ नियम असा की संदेशाचा अर्थ लपवायचा नाही. सांकेतिक कुलूप लावायची सामान्यतः परवानगी नाही, आणि नाव सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. नियम चांगला आहे. हवा सगळ्यांची आहे, तर तिच्यात कोण काय बोलतंय हे सगळ्यांना कळायला हवं. पण हा नियम ज्या काळात घडला तेव्हा ‘सगळे’ म्हणजे टेकडीच्या टप्प्यात रेडिओ लावून बसलेले काही जण. तेही परवानाधारक, म्हणजे तुमच्यासारखेच नावानिशी ओळखले जाणारे. त्यांना तुम्ही दिसत होतात आणि तुम्हाला ते. शिवाय मे २०००पर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिपकाही शंभरेक मीटर इकडेतिकडे असायचा.

आज तेच वाक्य मी पलंगावर पडून वाचते. मला नाव विचारलं जात नाही. रोज सकाळी साडेआठला घरातून निघणारी आणि सहाला परतणारी एखादी गाडी मी आठवडाभर पाहिली तर घर कधी रिकामं असतं ते मला कळेल. अमेरिकेत कॉलसाइनवरून परवानाधारकाचं नाव आणि त्यानं दिलेला पत्ता सरकारच्याच खुल्या यादीत सापडतो. गाडी चालवणारी एकटी राहणारी बाई असेल तर या माहितीला काय वजन येतं हे मी वेगळं सांगायला नको. वाक्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. फक्त ऐकणारा बदलला आणि निरोपाचा माग झाला.

यावर नेहमीचं उत्तर असतं : नको असेल तर पाठवू नका. उत्तर खरं आहे आणि अपुरं आहे. आई ‘पोचलीस की कळव’ म्हणते तेव्हा कळवायचं की नाही आणि किती कळवायचं, हे दोन्ही माझ्या हातात असतं. ‘पोचले’ म्हटलं की पुरतं, खोलीचा नंबर सांगावा लागत नाही. बोलायचं किंवा गप्प बसायचं यांच्या मधे पुष्कळ जागा असते, आणि माणसं त्याच जागेत राहतात.

आश्चर्य म्हणजे ब्रुनिंगाच्या भाषेत ही मधली जागा आहे. स्थान लिहिताना शेवटचे आकडे गाळून त्या जागी कोरी जागा सोडायची मुभा २०००च्या अधिकृत व्याकरणात दिलेली आहे. सगळे आकडे लिहिले तर ठिपका अठरा-वीस मीटरपर्यंत नेमका. दोन गाळले तर सुमारे एका सागरी मैलाइतका मोघम. चार गाळले तर ६० मैलांइतका. ‘कोकणात आहे’ एवढंच सांगण्यासारखं. मोघम बोलण्याचा हक्क यंत्राच्या भाषेत आकड्यांनिशी लिहून ठेवलाय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरोखर हरखले. दुसरी सोय तर याहून सुरेख आहे. पॅकेटच्या वाटेत ‘नोगेट’ असा शब्द घातला की नियम पाळणारा आयगेट ते इंटरनेटवर चढवत नाही. आसपासच्यांना ऐकू जातं, जगाला जात नाही. म्हणजे आपला श्रोता कोण हे बोलणाऱ्याला ठरवता येतं.

मग या सोयी दिसत का नाहीत? कारण भाषेत त्या आहेत, वापरात त्यांना जागा मिळालेली नाही. ट्रॅकर खोक्यातून काढला की तो पूर्ण नेमकेपणानं बोलतो, मोघम बोलायला त्याला शिकवावं लागतं. माझा या परंपरेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. जी भाषा संकोचाला इतकी सुंदर जागा देते, तिच्या वापरकर्त्यांनी अचूकतेलाच गुण मानलं.

उत्तराची सोय

तरीही दोन नकाशे शेजारी ठेवून निवडायला सांगितलं तर मी कोणता निवडेन? हाच, डोळे उघडे ठेवून.

व्हॉट्सॲपवरच्या ‘लाइव्ह लोकेशन’मध्ये मुदत असते : १५ मिनिटं, १ तास, ८ तास. सोय चांगली आहे. पण त्या मुदतीत मी फक्त असते, काही म्हणत नसते. मैत्रीण आठ तास माझा ठिपका बघू शकते आणि त्या आठ तासांत आमच्यात एक शब्दही होणार नाही. ऑर्डर आणणाऱ्या मुलाला तर मुदत ठरवायचीही मुभा नाही. मी त्याला फोन करू शकते, पण मी कुठल्या खिडकीतून त्याला बघतेय हे त्याला दिसत नाही. बघणं एकीकडून, दिसणं दुसरीकडून, आणि दोघांमधे तिसराच कोणी हिशेब ठेवतोय.

एपीआरएसचा ठिपका यापेक्षा मोठ्या माणसासारखा वागतो. तो स्वतःचं नाव घेऊन बोलतो, वळणावर बोलतो, इतरांना जागा राहावी म्हणून कमी बोलतो, कोणाच्या हस्ते आला ते लपवत नाही, आणि ब्रुनिंगाचं ऐकलं असेल तर शेवटी ‘मला या फ्रिक्वेन्सीवर हाक मारा’ असंही म्हणतो. त्याच्यात उत्तराची जागा आहे. साइटनं ती जागा लहान केली, कारण माझ्यासारख्या परवाना नसलेल्या वाचकाला उत्तर देताच येत नाही. हे मात्र मला माझंच न्यून वाटतं. ते दूर करायचा मार्गही उघडा आहे. भारतात परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळतो, आणि बारा वर्षांच्या मुलालाही तो मिळू शकतो.

तोपर्यंत वाचकानं पाळायचे दोन साधे नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. रेघेवर विश्वास ठेवायचा नाही, ठिपक्यावर ठेवायचा. आणि एकाच घरासमोर रोज उभं राहायचं नाही. पहिला नियम चांगल्या वाचनाचा आहे, दुसरा शेजारधर्माचा. हान्निकाइनेनच्या नकाशाला दोन्ही लागतात. आपल्या खिशातल्या बाकीच्या नकाशांना तर जास्तच लागतात, कारण तिथे ज्याचा ठिपका असतो त्याला कोणी विचारलेलंही नसतं.